रोगाची वाट कुठे अडवायची?

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन थडकलं. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या, कौलं आणि पत्रे उडवले, विजेचे खांब पाडले. वादळ येण्याआधी किनाऱ्यालगतच्या आणि कच्च्या घरांतल्या लोकांना शाळांमध्ये व इतर पक्क्या इमारतींमध्ये हलवलं होतं. कोरोनाची साथ तेव्हा वाढतच होती. त्यामुळे लोकांपुढे एकाच वेळी दोन सरकारी सूचना होत्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. आपत्ती व्यवस्थापन सांगत होतं की एकत्र या, पक्क्या छपराखाली बसा, दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. आरोग्य खातं सांगत होतं की गर्दी करू नका, अंतर ठेवा, हवा खेळती राहू द्या.

यातली वादळाची सूचना आधी पाळायची, याबद्दल वाद असण्याचं कारणच नव्हतं. छप्पर कोसळलं तर माणूस त्या क्षणी जातो. विषाणूला काही दिवस लागतात. पण एकदा वर्गखोलीत दारं लावून बसल्यावर काय करायचं? बाकं औषधाने पुसत बसायची, की तोंडावरचा मास्क सांभाळायचा? हात किती वेळा धुवायचे? खोकणाऱ्या माणसाला कुठे बसवायचं? वारा पडला की आधी मोबाइलची रेंज शोधायची, की खिडक्या उघडायच्या? हे प्रश्न चक्रीवादळापुरते नाहीत. दवाखान्याचा व्हरांडा, एस.टी.ची गाडी, वसतिगृहाची खोली, गणपतीचं भजन, पर्यटकांनी भरलेलं होमस्टे, जिथे जिथे माणसं एकत्र येतात तिथे तेच प्रश्न येतात.

त्यांचं उत्तर एका साध्या गोष्टीत आहे: प्रत्येक रोगाची माणसापर्यंत येण्याची वाट ठरलेली असते. कुणी हातावरून येतो, कुणी हवेतून, कुणी पाण्यातून, कुणी सुईच्या टोकावरून. जी वाट असेल ती अडवली तर रोग थांबतो. भलतीच वाट अडवली तर घाम गळतो, पैसा जातो आणि साथ चालूच राहते.

वाट चुकली की काय होतं

याचा मोठा धडा महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतल्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले आणि रोगही त्यांच्याबरोबर पसरला. प्लेग घाणीतून आणि कोंदट हवेतून होतो, अशी त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून घरं धुवून काढली, कार्बोलिक अॅसिड शिंपडलं, सामान जाळलं. पुण्यात प्लेग कमिटीच्या सोल्जरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या आणि त्या संतापातून 22 जून 1897 ची, कमिटीचा प्रमुख रँड याच्यावरच्या हल्ल्याची घटना घडली. मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्रावरचं वारं शिरावं म्हणून त्याने रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि आजचा मोहम्मद अली रोड हे त्यातलेच.

खरी वाट मात्र वेगळीच होती. 1898 साली कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, असं मांडलं. तेव्हा त्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. 1905 नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध केलं. म्हणजे कार्बोलिकने भिंती धुतल्या जात होत्या तेव्हा उंदीर शेजारच्या घरात निघून जात होते आणि पिसवा त्यांच्या अंगावरून जातच होत्या.

ही चूक जुन्या काळाबरोबर संपली असं समजू नये. 2020 च्या उन्हाळ्यात गावोगावी रस्त्यांवर, झाडांवर, वाहनांवर आणि काही ठिकाणी चक्क माणसांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे मारले गेले. माणसांवर असे फवारे मारू नयेत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला त्या एप्रिलमध्ये जाहीर करावं लागलं. त्यातून डोळे आणि घसा जळतो, विषाणू मात्र त्या माणसाच्या श्वासात सुखरूप असतो. कोरोना मुख्यतः श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो. रस्त्याच्या डांबरावरून तो कुणाला होत नाही.

हाताची वाट

दवाखान्यात सगळ्यात वर्दळीची वाट हातांची. 1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराच्या लक्षात आलं की डॉक्टर आणि विद्यार्थी जिथे बाळंतपणं करतात त्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया फार आहेत. सुइणी काम करतात त्या विभागात खूपच कमी. फरक एवढाच होता की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत. सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण पुढच्या काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आलं. जंतूंचा सिद्धांत अजून मांडला जायचा होता, तरी वाट सापडली होती. इतर डॉक्टरांना मात्र आपल्याच हातांनी रुग्ण मरतात हे ऐकून घेणं जड गेलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याची हेटाळणीच झाली.

आज जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अहवाल सांगतो की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी सुमारे 15 जणांना तिथेच नवा संसर्ग जडतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण 7 आहे. असा संसर्ग झालेल्यांपैकी दहातला एक दगावतो. आणि नीट काळजी घेतली तर यातले 70 टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात. म्हणजे हा प्रश्न नव्या औषधाच्या शोधाचा कमी आणि रोजच्या शिस्तीचा जास्त आहे.

हात कधी धुवायचे, याचे पाच क्षण या संघटनेने ठरवून दिले आहेत. रुग्णाला हात लावण्याआधी. सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, लघवीची नळी असं कोणतंही निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना, म्हणजे खाटेची कड, सलाईनचा स्टँड, चादर यांना हात लावल्यावर. पहिले दोन क्षण रुग्णाला वाचवण्यासाठी आहेत. उरलेले तीन सिस्टरला, डॉक्टरला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला. घाईत माणूस पहिले दोनच विसरतो, कारण आपल्याला काही लागलं की हात धुवावेसे वाटतातच. आपल्या हातावरचं दुसऱ्याला लागेल हे जाणवत नाही.

साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद आणि सॅनिटायझर चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. हात दिसायला मळलेले असतील तर सॅनिटायझर कुचकामी, साबण-पाणीच हवं. उलट्या-जुलाबाच्या साथीत आढळणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवरही अल्कोहोल फारसं चालत नाही. अंगठ्या, वाढवलेली नखं, मनगटावरचे गंडेदोरे यांच्याखाली साबण पोचत नाही. आणि हातमोजे म्हणजे धुतलेले हात नव्हेत. एकाच हातमोज्याने तीन रुग्ण तपासले तर पहिल्याचे जंतू तिसऱ्यापर्यंत पोचतात. फक्त तपासणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात.

हवेची वाट

क्षयरोग, गोवर, कांजिण्या, कोरोना हे हवेतून येतात. खोकणाऱ्या, बोलणाऱ्या, भजन म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडातून अतिशय बारीक तुषार बाहेर पडतात. मोठे थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात. बारीक कण तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीत राहू शकतो. इथे फरशी पुसून उपयोग नाही. हवाच बदलावी लागते.

हवा किती बदलते याचा एक फार बोलका अभ्यास पेरू देशातल्या लिमा शहरात झाला आणि 2007 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आठ रुग्णालयांच्या खोल्या मोजल्या. खिडक्या-दारं उघडी ठेवल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण 28 वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या, खास क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत हा आकडा 12 होता. त्यातही 1950 पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती सगळ्यांत पुढे निघाल्या. उपचार सुरू न झालेल्या क्षयरोग्यांबरोबर एक दिवस काढणाऱ्या माणसांपैकी किती जणांना संसर्ग होईल, याचा त्यांनी गणिताने अंदाज काढला: यांत्रिक खोल्यांत 39 टक्के, नव्या धाटणीच्या खिडक्यांच्या खोल्यांत 33 टक्के, जुन्या उंच खोल्यांत 11 टक्के.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायला नको. उतरत्या कौलारू छपराचं घर, समोर ओटी, बाजूला पडवी, आमनेसामने दारं. तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. जुन्या शाळा आणि दवाखान्यांचे व्हरांडेही याच धाटणीचे. आता स्लॅबची बांधकामं आली, सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. अशी खिडकी पूर्ण सरकवली तरी अर्धीच उघडते. त्यावर एसी बसला की तीही बंद. घराघरांत असतो तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. खोली थंडगार वाटते, पण सगळे एकमेकांनी सोडलेला श्वासच घेत असतात.

वारा खोलीतून जातो की नाही, हे पाहायला यंत्र नको. एक उदबत्ती लावावी आणि धूर कुठे जातो ते पाहावं. समोरच्या खिडकीतून निघून गेला तर उत्तम. डोक्यावरच घुटमळत राहिला तर एक खिडकी उघडायची राहिली आहे, किंवा तिच्यासमोर कपाट आहे. दवाखान्यात केसपेपर काढायला थांबलेल्यांमध्ये ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्याला मास्क द्यावा, बाहेरच्या व्हरांड्यात बसवावं आणि आधी तपासून मोकळं करावं. त्याच्यावर हा अन्याय नाही. त्याचा नंबर लवकर लागतो आणि बाकीच्या चाळीस जणांचा धोका टळतो. पंखा लावायचा तर त्याचा झोत खोकणाऱ्याकडून इतरांकडे जाऊ नये. तो खिडकीकडे तोंड करून हवा बाहेर ढकलणारा असावा.

चक्रीवादळाच्या निवाऱ्याचं उत्तरही इथे मिळतं. खिडक्या लावणं भाग होतं तेवढा काळ मास्क हेच मुख्य संरक्षण. एका घरची माणसं एकत्र आणि दोन घरांमध्ये जमेल तेवढं अंतर. ताप-खोकल्याच्या माणसाला वेगळी खोली. आणि वारा ओसरल्याबरोबर, बाकं पुसण्याआधी, खिडक्या उघडायच्या.

पाण्याची वाट

वादळ किंवा पूर ओसरला की हवेपेक्षा पाण्याची काळजी मोठी असते. वाडीतल्या विहिरीत झावळ्या, पालापाचोळा, माती पडलेली. वीज नसल्याने पंप बंद. नळपाणी योजना ठप्प. अशा वेळी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घेऊन येतो. दर हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम, हे प्रमाण त्याला पाठ असतं. पण विहिरीत पालापाचोळा कुजत असेल तर टाकलेलं क्लोरीन त्या कुजक्या घाणीवरच खर्च होतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी उपसा आणि सफाई, मग टीसीएल. पावडर थेट विहिरीत भिरकावू नये. बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी बादली हलवत विहिरीत सोडावं. त्यानंतर निदान अर्धा तास थांबावं आणि मगच ऑर्थोटोलिडीन (ओटी) टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते पाहावं.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, पण दमट हवेत पोतं उघडं राहिलं की ते उडून जातं. श्रीवर्धनसारख्या खाऱ्या, ओल्या हवेत जून महिन्यात उघडलेलं पोतं ऑगस्टमध्ये नुसतं चुन्याचं पोतं ठरू शकतं. पाण्यात टाकलं याची वहीत नोंद होते, जुलाब मात्र थांबत नाहीत. पावडर हवाबंद, कोरड्या जागी ठेवणं आणि टेस्ट करणं, ही दोन्ही कामं टाकण्याइतकीच महत्त्वाची आहेत.

याच जातीचं क्लोरीनचं रसायन दवाखान्यात फरशीवर सांडलेल्या रक्तावर वापरतात, तेव्हा ते एक टक्का ताकदीचं लागतं. बाजारात मिळणारं पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग, असं ते तयार होतं. रोजच्या रोज ताजं करावं लागतं. आणि एक इशारा घरोघरीसाठी: ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सुईची आणि अवजारांची वाट

बरं करायला गेलेली सुईच रोग देऊ शकते. पंजाबातल्या मुलकोवाल गावात 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस टोचली गेली. ही लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत बनली होती. एका विशिष्ट बाटलीतून लस घेतलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना काम सोडावं लागलं. पुढे उजेडात आलेला तपशील असा: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो ज्योतीवर तापवून न घेता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले आणि 1925 साली त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. पण 19 माणसं गेली ती गेलीच.

धनुर्वाताचे जंतू मातीत बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं राहतात. या बीजाणूंवर जाड कवच असतं. जंतुनाशकात बुचकळून किंवा पाण्यात उकळूनही ते खात्रीने मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो: दाबाखालची वाफ, 121 अंश सेल्सिअस, निदान 15 ते 20 मिनिटं, गुंडाळलेल्या अवजारांना त्याहून जास्त. तत्त्व घरातल्या प्रेशर कुकरचंच आहे. दाब वाढला की पाणी 100 अंशांच्या वर तापतं. पण आधी अवजार घासून स्वच्छ केलेलं नसेल तर वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही. शिवाय वाफ आतपर्यंत गेली का, हे गठ्ठ्याच्या आत ठेवलेल्या रंग बदलणाऱ्या पट्टीवरून पाहावं लागतं. वादळानंतर वीज जाते तेव्हा दिव्या-पंख्यांबरोबर हा ऑटोक्लेव्हही बंद पडतो. दुर्गम तालुक्यात जनरेटर आणि निर्जंतुक केलेल्या प्रसूतीच्या संचांचा साठा पावसाआधी तयार ठेवावा लागतो, तो यासाठी.

सुयांचा धोका रुग्णाइतकाच कर्मचाऱ्यांनाही असतो. हेपॅटायटिस बीच्या रुग्णाला वापरलेली सुई लस न घेतलेल्या सिस्टरला टोचली तर संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के आहे आणि 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, औषधं सुरू केली तर ती आणखी कमी होते. म्हणून वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती तिथल्या तिथे पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रंग ठरवून दिले आहेत: रक्ताने भरलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. प्रक्रिया न केलेला रक्ताळलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

घरात इन्सुलिन घेणारा मधुमेही असेल तर हा नियम आपल्यालाही लागू पडतो. सुट्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर त्या नगरपरिषदेच्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत त्या साठवाव्या आणि बाटली भरली की बंद करून, त्यात सुया आहेत हे सांगूनच वेगळी द्यावी.

सेवा करणाऱ्याचं रक्षण हा या साऱ्याचा अर्धा भाग आहे. 1897 साली हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्यांच्या धैर्याला आपण वंदन करतो. पण आज आशाताईला, सिस्टरला, वॉर्डातल्या मावशींना आणि सफाई कामगाराला मास्क, हातमोजे आणि हेपॅटायटिस बीची लस न देता नुसत्या धैर्यावर सोडून देणं हा निष्काळजीपणाच आहे.

एस.टी., होमस्टे आणि गणपती

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर हा भाग तसा तीन ऋतूंत भरतो: दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या, मे महिना आणि गणपती. पर्यटक मुंबई-पुण्याहून येतात, चाकरमानी मुंबईहून येतात, बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं येतात. त्यांच्याबरोबर पैसा येतो, खाऊ येतो आणि सर्दी-तापही येतो. 2020 च्या गणपतीला सरकारने चाकरमान्यांसाठी विलगीकरणाचा काळ 14 वरून 10 दिवसांवर आणला होता. गावागावांत त्यावरून रुसवे-फुगवे झाले. मुंबईतल्या मुलाला घरच्या उंबऱ्याबाहेर थांबवणं कुणालाच सोपं नव्हतं. पण विचार बरोबर होता. हवेतून येणाऱ्या रोगाला घरातल्या म्हाताऱ्यांपासून काही दिवस लांब ठेवायचं होतं.

आज तेवढ्या कडक बंधनांची गरज नाही, वाटांचं भान मात्र हवं. लालपरीची खिडकी चार बोटं उघडी ठेवली तरी चालत्या गाडीत भरपूर हवा फिरते. बंद काचांच्या एसी गाडीत घाटातून तीन-चार तास जायचं आणि शेजारचा खोकत असेल तर मास्क लावण्यात लाज कसली? ताप असलेल्या पाहुण्याने भजनाला ओटीवर किंवा मांडवात बसावं, माजघरात नको. प्रसाद वाटणाऱ्याने वाटण्याआधी हात धुवावे. तीर्थासाठी पळी एकच असली तरी ती कुणाच्या ओठाला लागू नये.

होमस्टे चालवणाऱ्यांची वाट बहुधा कापडाची असते. खरूज चादरीवरून आणि अंथरुणावरूनही पसरू शकते, तर डोळे येण्याची साथ टॉवेल-रुमालावरून आणि हातांवरून. जुलै 2023 मध्ये आळंदीपासून सुरू होऊन महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली तेव्हा लोक एकमेकांकडे बघायलाही घाबरत होते. काळा चष्मा लावला म्हणजे दुसऱ्याला होत नाही, असा समज होता. बघण्याने डोळे येत नाहीत. डोळा चोळलेला हात दाराच्या कडीला लागतो, ती कडी दुसरा धरतो आणि तो डोळा चोळतो, ही खरी वाट. प्रत्येक पाहुण्याला धुतलेली चादर आणि स्वतःचा टॉवेल, गरम पाण्यातली धुलाई आणि कडक ऊन, एवढं केलं की बरंच काम होतं. पावसाळ्यात ऊन नसतं. तेव्हा ओलसर चादर पसरून देण्यापेक्षा जास्तीचा एक जोड कपाटात ठेवणं परवडतं.

आणि एक गोष्ट आपल्या माणुसकीची. कुणी आजारी पडलं की आपल्याकडे अख्खी वाडी भेटायला जाते. प्रेम खरं असतं, पण खाटेवर बसणं, सलाईनच्या हाताला हात लावणं, बाळंतिणीचं बाळ फिरवत सगळ्यांनी पापे घेणं, यातून ते प्रेम रोग घेऊन जातं. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर फोनवर चौकशी करावी. जायचंच असेल तर एकेकाने, हात धुऊन, थोडा वेळ जावं. आणि बाहेर पडतानाही हात धुवावे.

श्रीवर्धनहून मोठ्या उपचारासाठी माणगाव, अलिबाग किंवा मुंबई गाठावी लागते. रात्री, पावसात, घाटरस्त्याने. शहरातल्या माणसाला रुग्णालयात जडलेला संसर्ग म्हणजे आणखी आठ दिवसांचं बिल. इथल्या माणसाला तो रुग्णवाहिका, उधारी आणि बुडालेला हंगाम. म्हणून संसर्ग टाळण्याची शिस्त मोठ्या शहरांपेक्षा अशा तालुक्यांना जास्त गरजेची आहे आणि तिला लागणारा खर्च बहुतांशी साबण, खिडकी, टीसीएल आणि झाकणाचा डबा एवढाच आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा संकोच न करता तीन गोष्टी विचारा. तपासण्याआधी हात धुतले का? इंजेक्शनची सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढणार ना? खोलीची खिडकी उघडू का? हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. आणि ते विचारणाऱ्या रुग्णाला 'हो' म्हणून उत्तर देता येणं, हीच चांगल्या दवाखान्याची पहिली खूण आहे.